जूनच्या वह्या ऑगस्टात

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे आणि अठरा वर्षं मी तिथल्या रोटरी क्लबाचा सभासद आहे. क्लब शाळांना ज्या वह्या वाटतो, त्या बहुतेक माझ्याच दुकानातून जातात. तेव्हा पुढचं वाचताना एवढं ध्यानात असू द्या, की मी स्वतःच्या गल्ल्याविरुद्ध बोलतो आहे.

गावातल्या निम्म्या लोकांना रोटरी म्हणजे बड्या लोकांची भिशी वाटते. १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तिघा ओळखीच्यांना जमवून हे मंडळ काढलं. बैठक आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत फिरायची, त्यावरून हे नाव. भारतातला पहिला क्लब कोलकात्यात निघाला, तो १९२०च्या सुमारास. त्याच काळात, १९१९ साली, आमच्या जिल्ह्यात काले गावी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली होती. त्यामुळे गरिबाच्या पोराला शिकवायचं हे आम्हाला शिकागोने शिकवलेलं नाही. तिकडून आलं ते इतिवृत्त, पावतीपुस्तक आणि वेळेवर वाजणारी घंटा. आणखी एक आलं. रोटरीत चार प्रश्नांची एक कसोटी आहे. जे करतोय ते सगळ्यांना न्याय्य आहे का, हा त्यातला एक. मला तो पुढे फार जड गेला.

रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. अध्यक्ष एकाच वर्षाचा. आमच्याकडे शाळा उघडते जूनच्या मध्याला. म्हणजे पोराला वही लागते तेव्हा जुना अध्यक्ष हिशेब मिटवत असतो, खात्यात खडखडाट असतो आणि नवा अध्यक्ष पदग्रहणाच्या जेवणाचा मेनू ठरवत असतो. मग जुलैत हारतुरे, बोर्डाची बैठक, कोटेशन, बॅनर, पाहुण्यांची तारीख. वह्या पोचतात पंधरा ऑगस्टच्या आसपास. तोवर आईबापांनी उधार-उसनवार करून वह्या घेतलेल्या असतात. कुणाच्या दुकानातून, ते सांगायला नको.

एका वर्षी मी प्रकल्पप्रमुख होतो. प्राथमिक शाळेत दप्तरं वाटली. दुसरीतल्या एका पोराने दप्तर उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, "काका, हे माझं तिसरं." एक कुणाच्या तरी वाढदिवसाचं, एक पतसंस्थेचं आणि हे आमचं. मास्तर हसले. मीही फोटोपुरता हसलो. शाळा मीच निवडली होती. डांबरी रस्त्याला लागून होती, एवढंच बघून.

पुढच्या जूनमध्ये एक पोरगा काउंटरशी बराच वेळ उभा राहिला. गर्दी सरल्यावर म्हणाला, "नववीची जुनी पुस्तकं हायती का? फाटकी चालतील." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवी पाठ्यपुस्तकं सरकार फुकट देतं. शाळेतली खिचडीही आठवीपर्यंतच. शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांपुरता, त्यामुळे हे सगळं आठवीला थांबतं. नववीत पुस्तकं विकत, दहावीत पुस्तकं विकत, वर बोर्डाची परीक्षा फी. बहुतेक दाते मात्र पहिली-दुसरीतच गर्दी करतात, कारण लहान मुलं फोटोत गोड दिसतात. नववीतल्या मिसरूड फुटलेल्या पोराला स्टेजवर बोलावलं, तर तो मान वर करत नाही.

म्हणून हायस्कुलात पुस्तकपेढी काढली. नववी-दहावीचे चाळीस संच. जूनमध्ये द्यायचे, परीक्षा झाली की परत घ्यायचे. यादी वर्गशिक्षकांकडे, आम्हालाही नावं कळत नाहीत. फोटो नाही म्हटल्यावर आमच्यातले दोघे रुसले. गणिताचा भाग दोन सर्वांत वाईट अवस्थेत परत येतो, कारण प्रमेयं पानावरच सोडवलेली असतात. अभ्यासक्रम बदलला की पेढीची रद्दी होते, हेही भोगलं. २०१७ला नववीची पुस्तकं बदलली आणि पुढच्या वर्षी दहावीची. तेव्हा सगळे संच नव्याने घ्यावे लागले. रोटरी फाउंडेशनची मोठी ग्रँट अशा कामाला उपयोगी नाही. तिचा प्रकल्प किमान ३० हजार डॉलरचा लागतो. चहाला पाणी ठेवायचं तर काहील कशाला? हे काम सभासदांच्या वर्गणीतूनच होतं.

कॅलेंडरचा तिढाही फार अवघड नव्हता. पुढचा अध्यक्ष आधीच ठरलेला असतो. त्याला एप्रिलच्या बैठकीत शेजारी बसवायचं, ठराव जुन्या बोर्डाने करायचा आणि पैसे मेमध्ये काढायचे. पहिल्या वर्षी यावरून तासभर वाद झाला. आता पाच मिनिटं लागतात. माझ्याकडची वह्यांची ऑर्डर निम्म्यावर आली, ती गोष्ट वेगळी.

तुमच्या गावात रोटरी असेल, लायन्स असेल, नाहीतर नुसतं गणेश मंडळ असेल, तर जवळच्या हायस्कुलात जाऊन नववीच्या वर्गशिक्षकांना भेटा. आणि घरात यंदाची नववी-दहावीची पुस्तकं असतील तर ती लगेच बांधून पोचवा. रद्दीवाला मे महिन्यात येतो.