सर्फबोर्ड उंचीवरून निवडत नाहीत

‘माझी उंची पाच फूट चार इंच, मग सहा फुटी बोर्ड पुरे ना?’ सर्फिंग शिकायला निघालेल्या बहुतेकांचा हा पहिला प्रश्न असतो, आणि विचारतानाच त्यांनी मनात उत्तर ठरवलेलं असतं. बॅट घेताना ती मुलाच्या कमरेपर्यंत येते का, हे आपण पाहतो. तोच हिशोब इथे लावला जातो. त्यातून पुढचा निष्कर्ष निघतो: लहान बोर्ड हलका, हाताळायला सोपा, म्हणून तो नवशिक्याचा, मोठा बोर्ड तयार झालेल्यांचा. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. चूक किरकोळ असती तर सोडून दिली असती. पण या एका समजापायी धडधाकट माणसं दिवसचे दिवस समुद्रात धडपडतात, एकदाही नीट उभी राहत नाहीत, आणि ‘हे आपल्या वयात जमणारं नाही’ असं ठरवून खेळच सोडून देतात. त्यांच्या वयात किंवा अंगात काही कमी नसतं. बोर्ड चुकीचा असतो.

बोर्ड निवडताना पहिला आकडा पाहायचा तो लिटरचा. आठ फूट लांब, साडेबावीस इंच रुंद आणि सव्वातीन इंच जाड अशा फोमच्या बोर्डाचं आकारमान ८५ लिटरच्या आसपास भरतं. समुद्राचं एक लिटर पाणी साधारण १.०२५ किलोचं, म्हणजे हा बोर्ड पुरता बुडायला ८७ किलो भार लागतो. त्याचं स्वतःचं पाच-सहा किलो वजन वजा केलं तरी ६५ किलोचा माणूस संथ पाण्यात त्यावर तरंगत राहतो. आता सहा फुटी, टोकदार बोर्ड घ्या. आकारमान २८ ते ३० लिटर. स्वतःचं वजन वजा जाता तो पेलणार जेमतेम २६-२७ किलो. त्याच माणसाला घेऊन तो थांबल्या जागी पाण्याखाली जातो.

मग स्पर्धक त्यावर उभे कसे राहतात? वेगामुळे. लाटेच्या उतारावर बोर्ड सुसाट निघाला की पाणी त्याला खालून रेटतं आणि उरलेला भार तो रेटा उचलतो. लहान बोर्ड वेगावर चालतो, आणि वेग कसा मिळवायचा तेच तर नवशिक्याला शिकायचं असतं. एक मीटर खोल पाण्यात लाट ताशी ११ किलोमीटरच्या आसपास धावते. हातांनी वल्हवणारा नवशिक्या याच्या निम्मा वेगही गाठत नाही. लांब-रुंद बोर्ड पाण्यावर उंच राहतो, त्याला विरोध कमी होतो, म्हणून लाट त्याला थोड्या वेगातही सोबत घेते. लहान बोर्डावर छाती पाण्यात रुतलेली असते आणि लाट खालून निघून जाते. माणूस पुन्हा मागे वळून बघत बसतो.

यावर ‘सराव केला की जमेल’ हे उत्तर ठरलेलं आहे. पण सराव कशाचा? ऑलिव्हर फार्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमध्ये स्पर्धेतल्या सर्फरांच्या अंगावर जीपीएस लावून मोजणी केली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ५४ टक्के वेळ वल्हवण्यात आणि २८ टक्के वेळ थांबण्यात गेला. प्रत्यक्ष लाटेवरचा वेळ होता ८ टक्के. मुरलेल्या खेळाडूंना जिथे एवढाच वेळ मिळतो, तिथे एकही लाट न पकडणाऱ्या माणसाचा उभं राहण्याचा सराव होणार कधी? पाय कुठे टाकायचे, नजर कुठे ठेवायची, वजन पुढच्या पायावर कधी घ्यायचं, हे सगळं लाटेवर असतानाच अंगात मुरतं. जास्त लाटा देणारा बोर्ड लवकर शिकवतो, इतकं हे सरळ आहे.

हा समज रुजवण्यात छायाचित्रांचा मोठा वाटा आहे. २०२४च्या ऑलिंपिकमधलं जेरोम ब्रुइये यांनी टिपलेलं सर्फर गॅब्रिएल मेदिना यांचं छायाचित्र आठवा. ताहितीतल्या तेआहुपो इथे मेदिना हवेत, बाजूला त्यांचा छोटा बोर्डही हवेत. ते पाहून सर्फबोर्ड म्हणजे असाच, ही खूणगाठ पक्की होते. इतिहास मात्र वेगळं सांगतो. हवाईचे ड्यूक कहानामोकू यांनी १९१४-१५च्या मोसमात सिडनीच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावर लोकांना सर्फिंग दाखवलं, तेव्हा त्यांनी तिथेच घडवलेली लाकडी फळी साडेआठ फुटांच्या घरातली होती. पुढेही नऊ-दहा फुटी बोर्ड सर्रास चालत. १९६७ नंतरच्या दोन-तीन वर्षांत ते झपाट्याने आखूड झाले. आखूड बोर्डांवर आधी चढलेली ती पिढी लांब बोर्डांवर शिकलेली होती, ही गोष्ट आपण विसरतो.

फोमचा बोर्ड म्हणजे पोरांचं खेळणं, हाही याचाच जोडगैरसमज. हवाईच्या पाइपलाइनसारख्या जीवघेण्या लाटेवर जेमी ओब्रायन यांच्यासारखे मुरलेले सर्फर फोमचे बोर्ड घेऊन उतरतात. नवशिक्यासाठी तर मऊपणा हा सुरक्षेचा प्रश्न आहे. अँड्र्यू नेथन्सन आणि सहकाऱ्यांच्या २००२च्या पाहणीत सर्फरांच्या ५५ टक्के दुखापती स्वतःच्याच बोर्डामुळे झाल्या होत्या, १२ टक्के दुसऱ्याच्या बोर्डामुळे. समुद्राच्या तळावर आपटून झालेल्या १७ टक्के. पडल्यावर डोक्यावर हात धरूनच वर या, आणि लाट व स्वतः यांच्या मधोमध बोर्ड कधीही धरू नका.

मोठ्या बोर्डाविरुद्धचा एक आक्षेप खरा आहे. फुटणाऱ्या लाटेखालून तो बुडवून नेता येत नाही, वाऱ्यात उचलून नेतानाही त्रास देतो. पण सुरुवातीला कमरेइतक्या पाण्यात, आधीच फुटलेल्या फेसाळ लाटांवर शिकायचं असतं. फुटत्या लाटांपलीकडे जायची गरजच पडत नाही. गोव्यात आश्वे, मांद्रे, हरमल या किनाऱ्यांवर पावसाळा सोडून मिळणाऱ्या लहान लाटा याच कामाच्या आहेत.

बाकीचे समज थोडक्यात. ‘बोर्ड पायाला बांधलेला असतो, पोहता आलं नाही तरी चालतं’: पट्टा तुटतो, तेव्हा पोहता यायलाच हवं. ‘ओढ माणसाला तळाशी खेचते’: आत जाणारा प्रवाह खाली नाही, किनाऱ्यापासून लांब नेतो, त्याच्याशी झुंजू नका, किनाऱ्याला समांतर जात त्यातून बाहेर पडा. ‘पावसाळा हाच सर्फिंगचा मोसम’: मंगळुरूजवळ ससिहित्लूला देशपातळीवरची स्पर्धा मे-जूनच्या सुमारास होते ती तयार खेळाडूंसाठी, उधाणलेला समुद्र नवशिक्याचा नव्हे. ‘बोर्ड घसरावा म्हणून मेण लावतात’: पाय घसरू नयेत म्हणून लावतात. ‘डावखुऱ्याचा उजवा पाय पुढे’: असा नियम नाही. ‘आधी गुडघ्यांवर, मग उभं’: गुडघ्यांची सवय लागली की ती सोडवायला फार दिवस जातात, दोन्ही हात टेकून एका झेपेत उभं राहणं आधी वाळूवर घोटा.

बोर्ड आखूड करायचा तो केव्हा? न फुटलेली लाट कुणी मागून न ढकलता स्वतः पकडता येते, तिच्या अंगावरून डावीकडे आणि उजवीकडे ठरवून जाता येतं, आणि हे बहुतेक वेळा जमतं, तेव्हा. तोवर प्रौढाच्या बोर्डाचे लिटर त्याच्या वजनाच्या किलोंपेक्षा कमी नसावेत; ६५ किलोच्या माणसाला ७० ते ८५ लिटर. नंतरही आठ फुटांवरून थेट सहावर उडी नको. साडेसात, मग सात, असं उतरा आणि प्रत्येक माप आधी भाड्याने घेऊन पाहा. नव्या बोर्डावर पूर्वीपेक्षा निम्म्याच लाटा मिळू लागल्या, तर जुन्या बोर्डावर परत या.