खाऱ्या हवेतले इपॉक्सी

इपॉक्सी दोन द्रवांतून तयार होते: रेझिन आणि हार्डनर. ते मिसळले की रासायनिक क्रियेने उष्णता सुटते आणि काही तासांत मिश्रणाचे कठीण, पारदर्शक प्लास्टिक होते. १९३०च्या दशकात युरोपात लागलेला हा शोध मराठी घरांत आधी चिकटवण्यासाठी आला, अरल्डाइटच्या दोन नळ्यांतून. टेबलाच्या फळीवर काचेसारखा जाड लेप देणे ही त्यामानाने अलीकडची हौस.

श्रीवर्धन तालुक्यातल्या बोर्ली पंचतनला या लेपाचा कस लागतो. समुद्र जवळ, चार महिने धो धो पाऊस, एरवीही हवा दमट. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. लाखेचे पॉलिश दिसायला देखणे, पण त्यावर गरम पेला टेकवला की पांढरा डाग उमटतो. इपॉक्सीला पाण्याची भीती नाही. हवेतली वाफही ते फारशी आत शिरू देत नाही. मात्र लेप फळीच्या साऱ्या बाजूंना हवा. वरची बाजू बंद आणि खालची उघडी राहिली, तर खालून ओल शिरून फळी वाकते. कडांचे उघडे तंतू तर जास्तच पाणी पितात. सागाच्या फळीत मुळातच तेल असते, म्हणून लेपाआधी ती थिनरने पुसून घ्यावी लागते.

खरी अडचण लेप सुकताना येते. हार्डनरमधले अमाइन हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावते व पृष्ठभागावर मेणचट थर धरतो. तो साबणाच्या पाण्याने धुऊन, पॉलिश पेपर मारल्याशिवाय पुढचा हात दिला तर तो सुटतो. त्यामुळे श्रावणात हे काम काढूच नये. गंमत म्हणजे दमट हवेत न बिघडणारे हार्डनर कोकणातही पिकणाऱ्या काजूच्या टरफलातील तेलापासून बनतात. जहाजांच्या रंगात ते चालतात. पण त्यांची तांबूस छटा पारदर्शक लेपाला मानवत नाही.

इपॉक्सीचा दुसरा शत्रू ऊन. अतिनील किरणांनी लेप पिवळा पडतो, मग त्याची भुकटी होऊ लागते. घरातल्या टेबलाला, माजघरातल्या झोपाळ्याला ते उत्तम. अंगणातल्या बाकाला द्यायचे तर वरून अतिनील किरण अडवणारे व्हार्निश हवे आणि तेही वेळोवेळी नव्याने द्यावे लागते. एवढी देखभाल जमणार नसेल, तर बाहेरच्या लाकडाला साधा तेलाचा हातच बरा.