रेंजचा सातबारा कोणाच्या नावावर?

राजेहो, वऱ्हाडात तीन गोष्टींची चौकशी दिवसातून दोनदा तरी होतेच: कापसाला भाव काय, विहिरीला पाणी किती आणि मोबाइलला रेंज कुठं. पहिल्या दोन्हींवर लिहून लिहून लोकांचे हात दुखले. तिसरीवर मात्र कोणी चटपटीत काही लिहीत नाही. म्हणून अमरावती-अकोल्यापासून थेट मेक्सिकोपर्यंतच्या तारा, लहरी आणि टॉवरच्या या गमतीजमती.

लिव्हरपूलचा निरोप, खामगावचा कापूस

वऱ्हाड जगाच्या नेटवर्कला कधी जोडला गेला? जिओ आलं तेव्हा नव्हे, १८७० साली. त्या वर्षी मार्चमध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोने खामगावच्या रेल्वेफाट्याचं उद्घाटन केलं आणि त्याच वर्षी समुद्राखालची तार सुएझहून मुंबईला पोचली. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याने तार ठोकायची, वऱ्हाडातला कापूस रेल्वेने मुंबईला जायचा आणि साधारण सहा आठवड्यांत तिकडच्या धक्क्यावर उतरायचा. जगातल्या वेगवान पुरवठा साखळ्यांपैकी एक आपल्या दारातून जात होती. फक्त तारेचं दुसरं टोक आपल्या हातात नव्हतं. भाव तिकडे ठरायचा, आपल्याला नुसता कळायचा.

टेकडीवरून टेकडी दिसली पाहिजे

वायरलेस इंटरनेटवाले ज्याला ‘लाइन ऑफ साइट’ म्हणतात, तो खेळ वऱ्हाडात दोनशे वर्षांपूर्वीच झाला होता. दक्षिण टोकापासून हिमालयापर्यंत देश मोजायला निघालेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची मुख्य रेषा एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या परिसरातून गेली. मोहिमेचा प्रमुख विल्यम लॅम्बटन १८२३ साली वाटेत हिंगणघाटला वारला. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टने हाती घेतलं. होय, शिखरवालाच तो. उंच जागेवरून उंच जागा दिसली पाहिजे, मध्ये झाड नको की धुकं नको. दिवे लावायचे, आरसे चमकवायचे.

आजही दोन अँटेना समोरासमोर लावताना नेमकं हेच बघतात. आणि दिसलं की काय होतं? २००७ साली व्हेनेझुएलात दोन डोंगरांमध्ये वायफायची जोडणी ३८२ किलोमीटरपर्यंत ताणून दाखवली गेली. अकोल्याहून सरळ रेषेत निघालात तर गोंदियाही मागे पडेल. त्या हिशेबाने चिखलदऱ्याच्या कड्यावरून खाली दिसणारं परतवाडा म्हणजे हाकेच्या अंतरावर.

सागाच्या पानात अडकला सिग्नल

मग मेळघाटात अडतं कुठं? एक तर डोंगर, दुसरं जंगल. ओली पानं वायफायच्या लहरी शोषून घेतात आणि सागाचं पान म्हणजे चांगलं ताटाएवढं. उन्हाळ्यात पानगळ झाली की वाट थोडी मोकळी, पावसाळ्यात सगळं हिरवंगार आणि रेंज गुल. त्यात व्याघ्रप्रकल्पाच्या परवानग्या, वीज जाणं-येणं आणि वानरांचे उद्योग.

याचा हिशेब रेशन दुकानात होतो. ई-पॉस मशीनला सर्व्हर लागतो, सर्व्हरला रेंज लागते. रेंज नसेल तर दुकानदार मशीन काखोटीला मारून टेकाड चढतो आणि मागून कार्डधारकांची रांग. म्हातारी झिजलेला अंगठा लुगड्याला पुसते, मशीनवर ठेवते, मशीन नाही म्हणतं. पुन्हा पुसते, पुन्हा ठेवते. अंगठा लागला की ‘चला, भेटलं!’ म्हणत सगळे धान्यासाठी पुन्हा खाली. डिजिटल दरी म्हणजे काय, हे समजून घ्यायला सेमिनार नको. हे टेकाड पुरे.

पंधरापैकी बारा खुर्च्या रिकाम्या

झाडीतून वाट काढायला कमी वारंवारतेच्या, म्हणजे जुन्या दूरदर्शनच्या पट्ट्यातल्या लहरी बऱ्या. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी हा पट्टा तपासला. ४७० ते ५९० मेगाहर्ट्‌झमधल्या १५ वाहिन्यांपैकी किमान १२ जवळपास सगळ्या देशात रिकाम्याच! टीव्हीसाठी राखून ठेवल्या आणि बसायला कोणी आलंच नाही.

मग प्रा. अभय करंदीकर यांच्या चमूने पालघर जिल्ह्यात या रिकाम्या लहरींवर सात गावांत इंटरनेट खेळवून पाहिलं. पुढे ‘ग्राममार्ग’ या प्रकल्पातून पंचवीसएक गावांपर्यंत मजल गेली, तीही साध्या परवानामुक्त वायफाय पट्ट्यात. खरी गंमत तंत्रात नव्हती, कारभारात होती. सरकारी-खासगी भागीदारीत त्यांनी तिसरा भिडू घेतला: पंचायत. गावातलं जाळं पंचायतीचं, ते सांभाळणारा पोरगा गावचा आणि वसुलीही गावातच. २०१७ साली मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत याच कल्पनेला पहिलं बक्षीस मिळालं.

हरिसाल: गाव एक, व्हिडिओ दोन

धारणी तालुक्यातलं हरिसाल हे परतवाडा-धारणी रस्त्यावरचं छोटं गाव. राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्टने ते देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून निवडलं आणि २०१६च्या सुमारास तिथं दूरस्थ वैद्यकीय सल्ला, ई-लर्निंग, रोकडविरहित व्यवहार अशा सोयींचा गाजावाजा झाला. जाहिरात निघाली. मग एप्रिल २०१९मध्ये राज ठाकरे यांनी सोलापूरच्या सभेत ‘लाव रे तो व्हिडिओ’ म्हणत हरिसालची दुसरी बाजू पडद्यावर दाखवली आणि जाहिरातीतला तरुणच मंचावर उभा केला. सत्ताधाऱ्यांनी उलट व्हिडिओ लावले. मेळघाटातलं एक खेडं दोन्ही बाजूंच्या पडद्यावर झळकलं, हा विक्रमच म्हणायचा.

कोणाचा व्हिडिओ खरा, यावर पारावर आजही रंगेल. पण दोन्ही व्हिडिओंत एक प्रश्न कोणी विचारला नाही: यंत्र बंद पडलं तर दुरुस्तीचा अधिकार, पैसा आणि पाना गावात कोणाकडे होता?

वारणेचा संगणक आणि खिशातला फोन

डिजिटल गावाचा प्रयोग महाराष्ट्राला नवा नाही. १९९८ साली वारणानगरच्या साखर कारखान्याभोवतीची सुमारे सत्तर गावं संगणकाने जोडली गेली. केंद्र, राज्य आणि वारणा समूह अशा तिघांनी पैसे घातले. स्वप्न मोठं होतं: बाजारभाव, पीकसल्ला, सगळं जग. शेतकऱ्याने मात्र मुख्यतः एकच विचारलं: माझ्या उसाचं वजन किती भरलं? त्याला लागत होतं तेवढंच त्याने घेतलं. काही वर्षांनी संगणक थकले, दुरुस्ती परवडेना. मग २००७च्या सुमारास सात गावांत प्रयोग झाला: संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस. तेच काम, कमी खर्चात. जागतिक खेडं म्हणून ज्याचं कौतुक झालं, ते शेवटी १६० अक्षरांत मावलं.

रेडिओ ऐका, मग भांडा

त्याही आधी, १९५६ साली, आकाशवाणीने पुणे, नाशिक, अहमदनगर, उत्तर सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांतल्या दीडशेच्या आसपास गावांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं स्थापन केली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचा आणि रेडिओ बंद करून त्यावर गावकऱ्यांनी आपसात चर्चा करायची. प्रश्न लिहून केंद्रावर पाठवायचे. युनेस्कोच्या मदतीने झालेल्या या प्रयोगाचा अभ्यास पॉल न्यूराथ यांनी केला आणि निष्कर्ष निघाला की नुसतं ऐकण्यापेक्षा ऐकून बोलल्याने डोक्यात जास्त उतरतं. म्हणजे कॉमेंट बॉक्सची कल्पना पुण्याच्या पारावर सत्तर वर्षांपूर्वीच चालून गेली होती. फरक एवढाच की कॉमेंट करणारा समोर बसलेला असायचा. त्यामुळे भाषा जपून.

लहरी कोणाच्या बापाच्या?

९ फेब्रुवारी १९९५. क्रिकेट सामन्याच्या प्रक्षेपणाचं भांडण सर्वोच्च न्यायालयात होतं. न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे. सामना कोण दाखवणार यावरून सुरू झालेल्या खटल्यातून देशाला लहरींचा सातबारा मिळाला: मालक जनता, सरकार नुसतं राखणदार.

पुढे २००६च्या धोरणाने संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवायची मुभा मिळाली. ताकद १०० वॉट, अँटेना ३० मीटरपर्यंत. एका जुन्या पिवळ्या बल्बएवढी ताकद, पण सपाट मुलखात आसपासच्या पंधरावीस गावांना पुरते. साताऱ्याच्या म्हसवडमध्ये ‘माणदेशी तरंग’ त्यावरच माणदेशी बोलीत गप्पा मारतं. वऱ्हाडीत किंवा कोरकूत अशीच मैफल जमली तर ऐकणाऱ्यांची वाण पडणार नाही.

शकुंतला आणि मुळा-प्रवरा: मालकीचे दोन धडे

मूर्तिजापूरहून अचलपूरला आणि यवतमाळला जाणारी ‘शकुंतला’ आगगाडी साऱ्या वऱ्हाडाची लाडकी. तिचं १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेलं वाफेचं इंजिन १९२३ ते १९९४ अशी सत्तर वर्षं राबलं. रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, तरी हे रूळ खासगी कंपनीचेच राहिले. लोकांनी तिला माहेरवाशिणीसारखं नाव दिलं, पण कागदावर त्यांचं काही नव्हतं. म्हणून गाडी थांबली तेव्हा आंदोलन एवढंच हातात उरलं.

दुसरं टोक श्रीरामपूरचं. तिथे मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेने जवळपास चार दशकं विजेच्या तारा स्वतः सांभाळल्या. तारा सभासदांच्या, मीटर सभासदांचे. पण थकबाकीचा डोंगर झाला आणि २०११ साली कारभार महावितरणकडे गेला. मालकी नसली की ओरडायचं आणि मालकी आली की बिल भरायचं. मालक व्हायची हौस असेल त्याने दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून वाचाव्यात.

परदेशातले भाऊबंद

• स्पेनच्या कॅटालोनियात कंपनी गावांत ब्रॉडबँड आणेना म्हणून २००४ साली लोकांनीच छतांवर अँटेना लावायला सुरुवात केली. ‘गुईफी डॉट नेट’चे आज तीस हजारांहून जास्त जोड आहेत.

• मेक्सिकोतलं तालेया दे कास्त्रो हे गाव मोबाइल कंपन्यांना परवडण्याइतकं मोठं नव्हतं. २०१३ साली गावाने स्वतःचंच मोबाइल नेटवर्क उभारलं. २०१६ साली तिथल्या आदिवासी समूहांच्या संस्थेला रीतसर परवानाही मिळाला.

• दक्षिण आफ्रिकेतल्या मांकोसीत झेंझेलेनी सहकारी संस्था आहे. सौर पॅनलवर नेटवर्क चालवायला घेतलं आणि सुरुवातीला पैसे कशातून आले? कॉलमधून नाही, लोकांचे मोबाइल चार्ज करून देण्यातून! गावात वीजच नव्हती ना.

पायविहीरला विचारा

सामायिक मालकी वऱ्हाडाला जमत नाही असं म्हणणाऱ्याने अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरला जावं. सातपुड्याच्या पायथ्याच्या या छोट्या गावाला वनहक्क कायद्याखाली २०१२ साली १९३ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ग्रामसभेने माळरानावर झाडं जगवली, राखण बसवली, सीताफळ बाजारात नेलं, हिशेब फलकावर मांडला. २०१४ साली भारत जैवविविधता पुरस्कार गावात आला. जंगल सांभाळणं हे राऊटर सांभाळण्याहून कैक पटींनी अवघड. चोरी होते, वणवा लागतो, शेजारगावाशी वाद होतात. तरी जमलं, कारण नियम करणारे आणि नियम पाळणारे एकाच सतरंजीवर बसत होते.

टपरीवरचं वायफाय

आता कायद्याची खुशखबर. वायफायचा २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २००५पासून परवानामुक्त आहे आणि ५ गिगाहर्ट्‌झचाही मोठा पट्टा २०१८ साली मोकळा झाला. डिसेंबर २०२०मध्ये केंद्राने ‘पीएम-वाणी’ला मंजुरी दिली: चहाची टपरी, किराणा दुकान किंवा बचत गट, कोणीही सार्वजनिक वायफाय विकू शकतं. परवाना नको, नोंदणी नको, शुल्क नको. एकेकाळी एसटी स्टँडवरच्या पिवळ्या पीसीओने गावागावात फोन नेला, तोच धंदा नव्या अवतारात. ग्रामपंचायती इंटरनेटने जोडणाऱ्या ‘भारतनेट’ या सरकारी योजनेची फायबर ज्या ग्रामपंचायतीपर्यंत पोचून चालू आहे, तिथून वाडीवस्तीपर्यंतचं शेवटचं अंतर अँटेनाच्या जोडीने कापता येतं.

तेव्हा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट की २ ऑक्टोबर, पुढची ग्रामसभा ज्या दिवशी असेल त्या दिवशी, टॉवरची मागणी करणाऱ्या ठरावाच्या खालीच चार प्रश्न लिहून न्या. पंचायतीच्या कपाटातलं भारतनेटचं खोकं चालू आहे का? नसेल तर तक्रार कोणी, कधी केली? खांबावर चढायला गावातल्या कोणत्या पोरा-पोरीला शिकवायचं आणि मेहनताना किती? आणि महिन्याचे पैसे कोणाच्या खात्यात जमा होणार? पहिल्या तिन्हींवर सगळे माना डोलावतील. चौथ्यावर वाद पेटला की समजायचं, नेटवर्क आता गावाचं व्हायला लागलं.