गाडीचा पंखा ‘डायरेक्ट’ करताय? आधी हा छोटा स्विच समजून घ्या

मे महिन्यातल्या शनिवारी बोरघाट चढताना रस्त्याच्या कडेला एक दृश्य हमखास दिसते. बॉनेट उघडे, आतून वाफ आणि बाजूला पाण्याची बाटली घेऊन हताश उभा असलेला चालक. नव्या गाड्यांमुळे हे प्रमाण कमी झाले आहे, पण कार्ब्युरेटरच्या जमान्यातल्या मारुती ८०० आणि ऑम्नी अजून गावोगावी धावतात. या गाड्या तापू लागल्या की गॅरेजमध्ये एक ठरलेला उपाय सुचवला जातो : ‘पंखा डायरेक्ट करून टाकू.’

म्हणजे काय, तर रेडिएटरचा पंखा कधी सुरू करायचा हे ठरवणारा तापमानाचा स्विच काढून टाकायचा. मग पंखा चावी फिरवल्यापासून सतत फिरत राहतो किंवा डॅशबोर्डखाली एक बटन बसवून त्याचा ताबा चालकाकडे दिला जातो. काम पंधरा मिनिटांचे आणि खर्च जवळजवळ शून्य. गाडीही तापायची थांबते, त्यामुळे ग्राहक खूश.

माझ्या मारुती ८०० मध्ये असेच बटन होते. घाट आला की दाबायचे, मोकळा रस्ता लागला की बंद करायचे. दोन वर्षे काही बिघडले नाही. मग एकदा धाकटा भाऊ गाडी घेऊन साताऱ्याला गेला. त्याला बटनाचे सांगायचे राहून गेले. टोलनाक्याच्या रांगेत पाऊण तास अडकल्यावर काटा लाल पट्टीत गेला आणि हेड गॅस्केट उडाले. हेड उतरवून फेसिंग, नवे गॅस्केट, ऑइल, कूलंट आणि चार दिवस गाडी गॅरेजात. काही शे रुपयांचा स्विच वाचवण्याची ही किंमत होती.

हा स्विच करतो काय?

आधी पंखा का लागतो ते पाहू. गाडी ताशी ५०-६० किलोमीटरने धावत असते तेव्हा समोरून येणारा वारा रेडिएटर थंड ठेवायला बहुतेक वेळा पुरतो. पंख्याची खरी गरज सिग्नलला, वाहतूक कोंडीत आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढताना लागते. ॲम्बेसेडर किंवा पद्मिनीत हा प्रश्नच नव्हता. तिथे पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरायचा, म्हणजे इंजिन सुरू तर पंखा सुरू. मारुती ८०० मध्ये इंजिन आडवे बसवलेले होते. पट्टा बाजूला आणि रेडिएटर समोर, त्यामुळे पंख्याला स्वतःची विजेची मोटर द्यावी लागली. मोटर आली म्हणून ती चालू-बंद करणारा कुणीतरी लागला. तोच हा थर्मो स्विच.

दिसायला तो पितळी बोल्टसारखा असतो. पुढचे टोक कूलंटमध्ये बुडालेले, मागे एक किंवा दोन पिना. आत दोन वेगवेगळ्या धातूंची जोडलेली चकती असते. ठरावीक तापमानाला ती एका बाजूने टक्कन दुसऱ्या बाजूला वळते आणि सर्किट जोडले जाते. चालू होण्याचे आणि बंद होण्याचे तापमान मुद्दाम वेगळे ठेवलेले असते. उदाहरणार्थ, ९५ अंशांना चालू आणि ९० ला बंद. हे अंतर नसते तर पंखा दर दोन सेकंदांना चालू-बंद होत राहिला असता. बऱ्याच स्विचवर हे दोन्ही आकडे कोरलेले असतात.

थर्मो स्विच आणि थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह यांची गल्लत गॅरेजमध्येही होते. व्हॉल्व्हमध्ये मेण भरलेले असते. इंजिन थंड असताना तो कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देत नाही, ८०-८५ अंशांच्या आसपास उघडू लागतो. विजेशी त्याचा काही संबंध नाही. पण पंखा डायरेक्ट करणारे हात बरेचदा ‘आपल्याकडच्या उन्हात याची गरज नाही’ म्हणत हा व्हॉल्व्हही काढून टाकतात, आणि खरे नुकसान तिथे होते. व्हॉल्व्ह जागेवर असेल तर सतत फिरणाऱ्या पंख्यामुळे इंजिन फारसे गारठत नाही. मोटर लवकर झिजते आणि बॅटरी-अल्टरनेटरवर नाहक भार पडतो, एवढेच. दोन्ही काढले की मात्र डिसेंबरच्या पहाटे नाशिकच्या रस्त्यावर इंजिन कामाच्या तापमानाला पोहोचतच नाही. पेट्रोल जास्त जाते, इंजिन ऑइलमध्ये ओल साठते, झीज वाढते. हा त्रास काट्यावर दिसत नाही, म्हणून तो कुणाच्या लक्षातही येत नाही.

स्विचच खराब आहे, हे कशावरून?

जुन्या, संगणक नसलेल्या गाडीत याची परीक्षा सोपी आहे. इंजिन थंड असताना चावी ‘ऑन’ करा. दोन पिनांच्या स्विचचा कनेक्टर काढून त्याची दोन्ही टोके तारेच्या तुकड्याने जोडा. एक पिनेचा असेल तर ते टोक इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा. पंखा फिरला, तर मोटर, फ्यूज आणि वायरिंग ठीक, संशय स्विचवर. नाही फिरला, तर नवा स्विच आणून उपयोग नाही, आधी फ्यूज आणि मोटर पाहा. हे करताना हात पंख्यापासून दूर ठेवा.

स्विच काढलाच असेल तर स्वयंपाकघरात त्याची खात्री करता येते. पातेल्यात पाणी तापवायचे, स्विचचे पितळी टोक तळाला न टेकता पाण्यात लोंबत ठेवायचे आणि पिनांना मल्टिमीटर लावायचा. सोबत १०० अंशांच्या पुढे मोजणारा थर्मामीटर हवा, तापाचा नाही! कोरलेल्या आकड्याच्या आसपास मीटर वाजला, तर स्विच चांगला आहे. तरीही गाडीत पंखा लागत नसेल तर कूलंटची पातळी कमी झालेली असू शकते. स्विचचे टोक कूलंटऐवजी हवेत राहिले तर इंजिन उकळत असतानाही त्याला पत्ता लागत नाही.

नवा बसवताना कोणता आकडा निवडायचा?

मूळ जागा आणि मूळ स्विच मिळत असेल तर दुसरा विचार नको, तोच बसवावा. मिळत नसेल, तेव्हा लोक ‘लवकर लागणारा बरा’ म्हणून कमी आकड्याचा स्विच घेतात. ही चूक आहे. समजा स्विच इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम कूलंटच्या बाजूला आहे, थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह ८८ अंशांना उघडतो आणि स्विच ८५ ला चालू, ८० ला बंद होणारा आहे. व्हॉल्व्ह कूलंटला ८० पर्यंत उतरूच देणार नाही. म्हणजे एकदा लागलेला पंखा बंद होणारच नाही. पैसे खर्चून पुन्हा ‘डायरेक्ट’! या जागी स्विच बंद होण्याचा आकडा व्हॉल्व्ह उघडण्याच्या आकड्यापेक्षा थोडा वर हवा. रेडिएटरच्या खालच्या, थंड होऊन परतणाऱ्या बाजूला बसवायचा असेल तर हिशेब बदलतो. तिथले कूलंट बरेच कमी गरम असते, म्हणून आकडाही कमी लागतो.

९५ अंश म्हणजे पाणी उकळायला आले, अशी भीती वाटते. पण रेडिएटरचे झाकण हे नुसते झाकण नाही. ०.९ बार दाब धरणाऱ्या झाकणाखाली साधे पाणीही सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही, कूलंट तर त्याहूनही पुढे जाते. महाबळेश्वरला उघड्या भांड्यातले पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते. तिथे झाकणाचे रबर गेलेले असेल तर स्विच लागण्याच्या बेतात असतानाच गाडी उकळू शकते. म्हणून स्विचसोबत झाकणही तपासून घ्यावे. ते बदलणे हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

ज्या रेडिएटरला स्विचसाठी आटे नाहीत, त्यांच्यासाठी होज पाइप कापून मध्ये बसवायचा धातूचा जोड मिळतो, त्यावर स्विचचे आटे असतात. आटे स्विचशी जुळतात का ते आधी पाहावे. दोन्ही बाजूंना रबर असल्याने या जोडाला अर्थिंग मिळत नाही. एक पिनेचा स्विच असेल तर जोडापासून बॉडीपर्यंत वेगळी तार हवीच. गळती नको म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळली जाते, तीही एक पिनेच्या स्विचचे अर्थिंग तोडू शकते. रेडिएटरच्या जाळीत नुसती खोचायची नळी मिळते, ती मला पसंत नाही. ती कूलंटचे नाही, जाळीचे तापमान सांगते आणि खड्ड्यांनी सैल होते.

रिलेशिवाय नको

पंख्याची मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. तो सगळा छोट्या स्विचमधून नेला तर त्याचे आतले टोक जळते किंवा चिकटून बसते. म्हणून मध्ये रिले घालायचा. स्विचने फक्त रिलेला इशारा द्यायचा, मोटरचा भार रिलेने उचलायचा. रिलेच्या पायांवर आकडे असतात. ३० वर बॅटरीकडून फ्यूजमधून येणारी तार, ८७ वरून पंख्याला, ८६ वर चावीनंतरचा करंट आणि ८५ वरून स्विचमार्गे अर्थ. छोट्या गाडीच्या सुमारे १० अँपिअरच्या पंख्याला ३० अँपिअरचा रिले, २० चा फ्यूज आणि अडीच चौरस मिलिमीटरची तार पुरते. फ्यूज बॅटरीच्या जवळ हवा. तो पंख्याशी लावला, तर मधली तार घासून शॉर्ट झाल्यास आग लागू शकते.

आणखी एक गोष्ट. पंख्याच्या दोन तारा उलट जोडल्या तर मोटर उलटी फिरते. हवा आत ओढण्याऐवजी ती पुढे ढकलते, समोरून येणाऱ्या वाऱ्याशी झगडते आणि पंखा फिरतोय तरी गाडी तापते. कागदाचा तुकडा रेडिएटरसमोर धरला की लगेच कळते. तो जाळीला चिकटायला हवा.

इंजेक्शनच्या, संगणक असलेल्या गाड्यांत यातले काही करू नये. तिथे कूलंटचा सेन्सर संगणकाला तापमान कळवतो आणि पंखा कधी लावायचा ते संगणक ठरवतो. एसी लावला की पंखा फिरतो तोही त्याच हिशेबात. तिथे तारा जोडून पाहण्याचे प्रयोग महागात पडतात. स्कॅनर लावणाऱ्या मेकॅनिककडेच जावे.

जुन्या गाडीत स्विच बसला की कूलंट भरून, झाकण उघडे ठेवून, हीटर असेल तर तो पूर्ण गरमवर करून थंड इंजिन सुरू करा. बुडबुडे थांबेपर्यंत पातळी भरत राहा, मग झाकण लावा. एकदा तापल्यावर ते उघडायचे नाही. गाडी सावलीत उभी ठेवून काट्याकडे पाहत बसा. काटा मध्याच्या थोडा वर गेला की पंखा लागला पाहिजे आणि काही मिनिटांत आपोआप बंद झाला पाहिजे. असे सलग तीन वेळा झाले, तर मेकॅनिकचे पैसे द्यायला हरकत नाही. आणि डॅशबोर्डखालचे ते बटन काढून घ्यायला सांगा.