काकडाशिवाय शेवळं नकोत

मृगाच्या सुमारास शहापूर किंवा मुरबाडच्या बाजारात गेलात तर ठाकूर-कातकरी बायका फडकं पसरून ओळीने बसलेल्या दिसतात. फडक्यावर जांभळट-तपकिरी कोंबांच्या जुड्या आणि शेजारी गोटीएवढ्या हिरव्या, आंबट फळांचा लहानसा वाटा. कोंब म्हणजे शेवळं, फळं म्हणजे काकडं. जुडी उचलून पैसे पुढे केले की मावशी आधी विचारते, "काकडं घेतली का?" नवख्या गिऱ्हाइकाला वाटतं, ही आपला माल खपवतेय. तो काकडं न घेताच घरी जातो आणि रात्री पहिल्याच घासाला घसा धरून बसतो.

ठाणे जिल्ह्याच्या या दोन तालुक्यांत पावसाच्या तोंडावर रात्रीचं जेवण तसं साधंच असतं. तांदळाची भाकरी किंवा भात, रानातली एखादी भाजी, ती नसेल तर सुकट, कधी वालाचं बिरडं. आसनगावला लोकलमधून उतरून घर गाठणारी असो की दिवसभर शेतात वाकून आलेली, चुलीपुढे किंवा गॅसपुढे द्यायला तासाभरापेक्षा जास्त वेळ दोघींकडेही नसतो. पण त्या तासाभरात जे घडतं त्यात बरंच रसायनशास्त्र आहे, आणि त्यातली एखादी पायरी गाळली तर चव बिघडण्यावर भागत नाही.

शेवळापासूनच सुरुवात करू. शास्त्रीय नाव अमॉर्फोफॅलस कम्युटाटस. सुरणाचं हे जवळचं भावंड सह्याद्रीच्या आसऱ्याने वाढतं. वर्षातला बराच काळ ते जमिनीखाली कंदाच्या रूपात पडून असतं. पहिल्या सरी आल्या की कंदातून आधी फुलोरा वर येतो आणि पान मागाहून. बाजारात जुडीने मिळतो तो हा न उमललेला फुलोरा. बाहेर गुंडाळलेलं आवरण, आत एक दांडा. दांड्याच्या खालच्या भागावर दाट चिकटलेली दाणेदार नर-मादी फुलं असतात, वरचा भाग वांझ आणि गुळगुळीत. हा वरचा भाग म्हणजे झाडाची जाहिरात. फुलोरा उमलला की तिथून सडक्या मांसासारखा दर्प सुटतो आणि माश्या, भुंगेरे त्या वासाने येऊन परागीकरण करून जातात. सुमात्रातला प्रसिद्ध टायटन अरम याच कुळातला. तो फुलला की जगभरच्या वनस्पती उद्यानांत लोक नाकाला रुमाल लावून रांगा लावतात. आपल्याकडे त्याच्या नातेवाइकाची आपण भाजी करतो, फक्त तो उमलायच्या आत.

शेवळं साफ करायला बसलेल्या बाईचे हात पाहण्यासारखे असतात. आधी हाताला तेल. मग बाहेरचे जून पापुद्रे काढून फेकायचे, कोंब उभा चिरायचा आणि आतला पिवळट दाणेदार भाग नखाने पुरता खरवडून काढायचा. हा भाग राहिला तर भाजी खाजणारच, असं प्रत्येक घरात सांगतात. उरलेलं बारीक चिरून उकडायचं, पाणी पिळून टाकायचं. काकडं ठेचून त्यांचा रस गाळून घ्यायचा आणि शेवळं त्यातच शिजवायची. काही पाड्यांवर बोंडाऱ्याचा पालाही घालतात.

हे सगळं कशासाठी, ते सूक्ष्मदर्शकाखाली कळतं. शेवळाच्या काही पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक जुडीने रचलेले असतात. अळूत, सुरणातही हेच. चावताना पेशी फुटते, सुया बाहेर पडतात आणि जिभेच्या, घशाच्या नाजूक त्वचेत रुततात. पण खाजेचं सगळं खापर सुयांवर फोडता येत नाही. २०१४ साली जपानी संशोधकांनी किवी फळातल्या अशाच सुया आणि प्रथिनं तोडणारं एक विकर अळ्यांना खाऊ घालून पाहिलं. नुसत्या सुयांनी किंवा नुसत्या विकराने अळ्यांचं फारसं बिघडलं नाही. दोन्ही एकत्र दिली तेव्हा मात्र त्या मेल्या. सुई भोक पाडते आणि त्या भोकातून विकर आत शिरतं. खाणाऱ्या किड्यांसाठी झाडाने केलेली ही व्यवस्था. आपण त्यात मधेच सापडतो.

आता स्वैपाकाकडे पाहा. उकडल्याने विकर निकामी होतं, कारण तेही प्रथिनच आणि उष्णतेने त्याची घडी विस्कटते. सुयांवर मात्र उकळत्या पाण्याची मात्रा चालत नाही. कॅल्शियम ऑक्झलेट साध्या पाण्यात लिटरला जेमतेम सहा-सात मिलीग्रॅम विरघळतं. इथे काकड कामाला येतं. आंबटात ऑक्झलेटला हायड्रोजन चिकटतो, त्याची कॅल्शियमवरची पकड सैल होते आणि विरघळण्याचं प्रमाण काही पटींनी वाढतं. तरीही सगळ्या सुया विरघळवण्याची ताकद काकडाच्या रसात नाही, चिंचेतही नाही. म्हणूनच दाणेदार भाग काढणं, उकडणं, पिळणं, आंबट घालणं, तेलात परतणं, असा प्रत्येक पायरीवर थोडाथोडा बंदोबस्त करावा लागतो. कुठल्याही एका पायरीवर भिस्त ठेवून भागत नाही. अळूच्या फदफद्यात चिंच किंवा आंबट चुका जातो तोही याच कारणासाठी.

काकड म्हणजे गरुगा पिनाटा, सालई आणि गुग्गुळाच्या कुळातला वृक्ष. उन्हाळ्यात तो निष्पर्ण होतो आणि शेवळं वर येतात त्याच सुमाराला त्याची फळं आंबट, कोवळी असतात. खाजणारी भाजी आणि तिचा उतारा एकाच आठवड्यात, एकाच रानात तयार होतात हा योगायोग. तो पहिल्यांदा ज्या कुणाच्या लक्षात आला, त्या माणसाला माझा नमस्कार.

ही भाजी आता ठाणे-मुंबईच्या स्वैपाकघरांतही पोचली आहे. सीकेपी घरांत तर ती फार पूर्वीपासून आहे, कोलंबी नाहीतर खिम्याबरोबर. नव्याने करून पाहणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. काकडं मिळाली नाहीत तर चिंचेचा दाट कोळ घालावा आणि तो घालताना हात आखडू नये. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी शेवळं आणि अळू दोन्हींपासून जपून राहावं, कारण बरेचसे मूतखडे याच कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. आणि ओठ, जीभ सुजली किंवा श्वास अडखळू लागला तर ताक, लिंबू करत न बसता सरळ दवाखाना गाठावा.

भाजी शिजेपर्यंत भाकरीचं पाहू. गव्हाच्या कणकेत ग्लुटेन असतं, ते चिवट जाळं धरतं आणि पोळी लाटता येते. तांदळात ते नाही. थंड पाण्यात तांदळाचं पीठ मळून थापलं तर कडा फाटतात आणि तव्यावर टाकताना भाकरीचे तुकडे पडतात. म्हणून उकड काढायची. पाणी खळखळलं की त्यात पीठ सोडायचं, झाकून ठेवायचं आणि हाताला चटके बसत असतानाच मळायचं. साधारण ६५ ते ७५ अंश सेल्सियसच्या दरम्यान तांदळातल्या स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि त्यातलं अमायलोज बाहेर येऊन बाकीच्या पिठाला धरून ठेवतं. ग्लुटेनचं काम इथे अर्धवट शिजलेला स्टार्च करतो.

दुसरी करामत तव्यावर. भाकरी टाकली की वरच्या बाजूला लगेच पाण्याचा हात फिरवतात. थापताना लागलेलं कोरडं पीठ त्या पाण्याने भिजतं, तापून त्याची खळ होते आणि बारीकसारीक भेगा बुजतात. पाणी जिरतंय न जिरतंय तोच भाकरी उलटायची. उशीर झाला तर वरचा थर तडकतो, घाई केली तर तव्याला चिकटतो. आता दोन्ही बाजूंना वाफ न सोडणारा पापुद्रा तयार असतो. आतल्या पाण्याची वाफ कोंडली जाते आणि भाकरी टम्म फुगते. भाकरी फुगली नाही तर दोष बहुधा या पाण्याच्या हाताचा असतो, आणि घरातली सासू तो लगेच ओळखते.

रानभाजी नसली तर सुकट. जून-जुलै हे दोन महिने पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, म्हणून उन्हाळ्यात भरून ठेवलेला जवळा, बोंबील, सोडे डब्यातून बाहेर येतात. वाळवण्याने पाणी जातं आणि जिवाणूंना वाढायला ओल उरत नाही, हे सरळ आहे. खरी गंमत चवीत आहे. १९०८ साली किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शेवाळाच्या काढ्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी नाव दिलं. १९१३ मध्ये त्याच्या शिष्याने, शिंतारो कोडामाने, सुकवलेल्या माशात इनोसिनेट शोधलं. ही दोन्ही एकत्र आली की चव बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. कांदा-टोमॅटोत ग्लुटामेट असतंच. त्यात कोरड्या तव्यावर भाजलेलं मूठभर सुकट पडलं की कढईभर वांगी-बटाट्याची भाजी मासळीची होऊन जाते. पाच माणसांच्या घरात दोन मुठी सुकटावर कालवण कसं भागतं, याचं उत्तर इथे आहे.

रानभाज्यांना हल्ली सुपरफूड म्हणायची टूम निघाली आहे. महोत्सव भरतात, फलकांवर प्रत्येक भाजीपुढे तिने बरे होणारे चार-चार आजार लिहिलेले असतात. मला ते पटत नाही. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी ही भाजी पाड्यावरची बाई रात्री शिजवते ती मधुमेहावर उतारा म्हणून शिजवत नाही. गेल्या वर्षीचं भात संपत आलेलं असतं, नवं यायला दिवाळी उजाडणार, परसात अजून काही लागलेलं नाही आणि बाजारातली भाजी महाग. त्या फटीत रान उपयोगी पडतं. औषध म्हणून या पानांचं कौतुक करताना त्यामागची टंचाई आपण सोयीने विसरतो.

आकड्यांच्या बाजूने बोलायचं तर कौतुकाला खरी जागा नागलीच्या भाकरीत आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ३६४ मिलीग्रॅम कॅल्शियम असतं. पांढऱ्या तांदळात ते सात-आठ मिलीग्रॅमच्या पुढे जात नाही. मात्र हे सगळं अंगी लागतं असं नाही, कारण नागलीतलं फायटेट खनिजांना धरून ठेवतं. नागलीला मोड आणून मग दळलं की फायटेट कमी होतं. वालाला मोड आणण्यातही असाच दुहेरी फायदा आहे. पोटात वायू धरणाऱ्या साखरा मोड येताना वालच वापरून टाकतो, आणि सालही सुटते. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत पूर्वी नागली आणि वरी हमखास असायची. रेशनचा तांदूळ स्वस्त झाला तशी ती ताटातून मागे सरली.

पाऊस स्थिरावला की बांबूचे कोंब, म्हणजे वास्ते येतात. इथे प्रकरण खाजेपेक्षा गंभीर आहे. वास्त्यात टॅक्सिफायलिन नावाचं संयुग असतं आणि कोंब चिरला की त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटायला लागतं. ऐकून घाबरायचं कारण नाही, कृतीतच त्याचा उपाय आहे. कोंब जितका बारीक चिरावा तितक्या जास्त पेशी फुटतात आणि विष पाण्यात व हवेत निघून जातं. हायड्रोजन सायनाइड सुमारे २६ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उकळत्या भांड्यात ते टिकत नाही. मात्र वास्ते उकळताना झाकण ठेवू नये आणि खिडकी उघडी असावी. पहिलं पाणी फेकायचं, शक्य असेल तर दुसरंही, आणि मग फोडणी. भारंगीचा कडूपणा असाच पाण्याबरोबर जातो. कडू कंदाचे काप तर वाहत्या पाण्यात ठेवूनच निववतात.

या सगळ्या कृती पाण्याच्या बाबतीत भलत्याच उधळ्या आहेत. भाजी धुवा, उकळा, ते पाणी ओता, पुन्हा उकळा. भातसा, तानसा आणि वैतरणेचं पाणी शहापूर तालुक्यातून मुंबईला जातं आणि त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. हंड्याने पाणी आणायच्या त्या दिवसांत दोन पाण्यांची भाजी कुणीच करत नाही. तेव्हा रात्रीला भात, उडदाचं वरण आणि खुरासणीची चटणी असते; त्यातलं पाणी फेकावं लागत नाही.