सांडपाण्याचें तळें आणि तळाची माती

गोंदिया जिल्हा तलावांसाठीं प्रसिद्ध आहे. १९९९ सालीं भंडाऱ्यापासून तो वेगळा झाला. तेथील तलाव मात्र फार जुने. नवेगांवचा बांध कोलू पाटील कोहळी यांनीं घातला अशी परंपरा आहे, आणि गांवोगांवचे मालगुजारी तलावही बहुतांशीं कोहळ्यांच्याच हातचे. या लोकांजवळ प्रयोगशाळा नव्हती, पण माती ओळखणारी नजर होती. काळी चिकण ती कन्हार, पिवळसर रेताड ती सिहार, खडेमिश्रित ती बर्डी, अशीं मातीचीं नांवें त्या बाजूस रूढ आहेत.

मग आज सांडपाणी सांठविण्यासाठीं मातीचा बांध घालावयाचा झाल्यास हीच नजर कां पुरूं नये? प्रश्न काल्पनिक नाहीं. गोंदियाच्या आसपास भाताच्या गिरण्या पुष्कळ आहेत. उकड्या तांदळासाठीं धान भिजवितात, तें पाणी मागाहून आंबतें व त्यास दुर्गंधी सुटते. शहराचें मैलापाणी निराळेंच. असें पाणी शुद्ध होईपर्यंत कोठें तरी सांठवावें लागतें.

भातशेतीचा तलाव थोडा पाझरला तर कोणी तक्रार करीत नाहीं. उलट बांधाखालच्या विहिरींस पाणी टिकतें. सांडपाणीही त्याच वाटेनें त्याच विहिरींत उतरतें. एकाचा जो गुण तोच दुसऱ्याचा दोष. तेव्हां बांध सारखे दिसले तरी जागेची परीक्षा अधिक कडक हवी.

येथील जमीन पुण्या-नाशिकाकडील काळ्या पाषाणाची नव्हे. जिल्ह्याच्या बऱ्याच भागांत खालीं पुरातन पट्टिताश्म आहे. वर माती, तिच्याखालीं कुजलेल्या खडकाचा रेताड मुरूम, त्याखालीं भेगाळलेला खडक. विहिरीचें पाणी बहुधा या मुरमांतून व भेगांतून येतें. वरची चिकणमाती हें त्याचें झांकण. बांधासाठीं माती हवी म्हणून ती तळ्याच्या पोटांतूनच उकरण्याचा मोह होतो. जवळची, स्वस्त, शिवाय तळें खोल होतें! परंतु झांकण निघालें कीं मुरूम उघडा पडतो. तें झांकण चार हात जाड आहे कीं एक वीत, हें खणल्यावांचून कळत नाहीं.

म्हणून आधीं चाचणीचे खड्डे खणतात, मग यंत्रानें भोकें पाडतात. तीं बांधाच्या रेषेवर तर हवींतच, पण तळ्याच्या सर्व विस्तारांतही हवींत. साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरांवरून टाकून, नळी ठराविक ३० सेंटिमीटर आंत जाण्यास किती ठोके लागले तें मोजतात. त्यावरून जमिनीच्या घट्टपणाचा अंदाज येतो. त्याहून मोलाची मला वाटते ती पाझराची परीक्षा: भोकांत पाणी भरून तें किती वेगानें उतरतें तें घड्याळ लावून पाहणें. कांहीं नमुने नळीसकट मेणानें बंद करून प्रयोगशाळेंत धाडतात. तेथें मातीची ३ मिलिमीटर जाडीची वळी वळतात आणि किती ओलाव्यास ती तुटूं लागते तें पाहतात. भाकरीचें पीठ मळणाऱ्या गृहिणीस ही परीक्षा नवी वाटूं नये.

आंकड्यांत फरक केवढा पहा. अशा तळ्याच्या चिकणमातीच्या अस्तरांतून पाणी सेकंदास सेंटिमीटरचा एक कोट्यंश इतपतच सरकावें, अशी अपेक्षा बहुधा ठेवितात. म्हणजे वर्षास सुमारें ३ सेंटिमीटर. तितक्याच जोरानें भरड वाळूंतून तें एका दिवसांत ८ मीटरांहून अधिक जाऊं शकतें. आणि एखादा अरुंद वाळूचा पट्टा दोन भोकांच्या मधोमध लपून राहिला तर अहवाल निर्दोष आणि तळें गळकें!

कन्हार माती पाणी उत्तम धरते खरी. पण वाळली कीं हाताएवढ्या भेगा पाडते. तळें उन्हाळ्यांत रिकामें राहणार असेल तर एकट्या तिच्यावर विसंबतां येत नाहीं. तिच्यावर दुसऱ्या मातीचें आवरण घालावें लागतें. भूजलाची पातळी देखील मे महिन्यांत एकदां मोजून भागत नाहीं, पावसाळ्यानंतर पुन्हां मोजावी लागते. एरवीं खोल असलेलें पाणी तेव्हां तळाशीं येऊन टेकतें.

काम संपल्यावर बांधाच्या खालच्या अंगास दोन-चार भोकांत जाळीच्या नळ्या कायमच्या ठेवाव्यात. त्यांतील व गांवच्या विहिरींतील पाणी तळें प्रथम भरण्याच्या आधीं तपासून त्याची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरीं असावी. पुढें पाणी बिघडल्याची तक्रार आली तर ताडून पाहण्यास तीच उपयोगी पडेल.