पहिल्या श्वासासरशी मिटणारं दार

बाळ जन्मतं, टाहो फोडतं आणि खोलीतल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. बाहेर पेढ्यांची चर्चा सुरू होते. त्याच वेळी बाळाच्या इवल्याशा छातीत केवढी उलथापालथ चालू असते, याची कुणालाच कल्पना नसते. इतके महिने ज्या वाटांनी रक्त धावत होतं, त्या वाटाच आता मिटायला लागलेल्या असतात!

पोटात असताना बाळ श्वास कुठून घेतं? घेतच नाही. त्याची फुफ्फुसं द्रवानं भरलेली असतात. प्राणवायू मिळतो तो वारेतून. तिथे आईचं रक्त आणि बाळाचं रक्त अगदी जवळून वाहतं, मध्ये फक्त एक पातळ पापुद्रा. रक्त आपापल्या जागी राहतं, प्राणवायू तेवढा पलीकडे जातो आणि नाळेतून बाळापर्यंत पोचतो. तोही किती कमी! तुमच्या-माझ्या धमन्यांमध्ये प्राणवायूचा दाब साधारण ९५ मिलिमीटर पारा असतो. बाळाकडे जाणाऱ्या नाळेतल्या ताज्या रक्तात तो जेमतेम ३०च्या घरात. एवढ्यावर बाळ नुसतं जगत नाही, दिसामासी वाढतं. कारण त्याचं हिमोग्लोबिनच वेगळं असतं. प्राणवायू ते मोठ्या माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा घट्ट पकडतं, म्हणून आईच्या रक्ताकडून तो ओढून घेऊ शकतं.

आता हृदयाकडे येऊ. आपल्या हृदयाची उजवी बाजू रक्त फुफ्फुसांकडे पाठवते आणि डावी बाजू सगळ्या शरीराला. पण फुफ्फुसंच कामाला लागलेली नसतील, तर तिकडे एवढं रक्त धाडायचं कशाला? म्हणून बाळाच्या हृदयात वरच्या दोन कप्प्यांमध्ये चक्क एक दार असतं. त्याला डाव्या बाजूनं पातळ पडदा लागलेला, त्यामुळे ते फक्त उजवीकडून डावीकडे उघडतं. फुफ्फुसाकडे निघालेलं बरंचसं रक्त त्या दारातून परस्पर पलीकडे जातं. उरलेलं जे पुढे जातं, त्याच्यासाठी दुसरी आडवाट आहे: फुफ्फुसाच्या धमनीतून थेट महाधमनीत उतरणारी एक आखूड, जाड भिंतीची नळी.

यातली खरी कमाल अजून सांगितलेलीच नाही. उजव्या कप्प्यात दोन दिशांनी रक्त येतं. खालून येणाऱ्या रक्तात वारेकडचं ताजं रक्त असतं, तर डोक्याकडून येणारं रक्त वापरून झालेलं. दोन्ही एकाच कप्प्यात शिरतात, पण पूर्ण मिसळत नाहीत! ताज्या प्रवाहाचा रोख दाराकडे असतो, दुसरा बहुतांशी खालच्या कप्प्यात उतरतो. त्यामुळे त्यातल्या त्यात चांगलं रक्त आधी कुणाला मिळतं? खुद्द हृदयाला आणि वाढत्या मेंदूला.

आणि मग तो पहिला श्वास. हवा आत शिरते, फुफ्फुसं फुलतात आणि त्यांच्या आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल पडतात. उजवीकडचं रक्त तिकडे धो धो वाहू लागतं. फुफ्फुसांतून परतलेलं सगळं रक्त डाव्या कप्प्यात येतं, तिथला दाब वाढतो. इकडे नाळ बंद झाल्यानं उजवीकडचा दाब उतरलेला. बस्स! डावीकडचा दाब पडद्याला ढकलतो आणि दार लागतं. ना मेंदूचा हुकूम, ना कसला इशारा. नुसत्या दाबाच्या फरकानं.

नळीचं काय? तिच्या भिंतीत स्नायू असतो. वारेतून येणारं प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य आजवर त्याला सैल ठेवत होतं. आता वार सुटली, द्रव्य घटलं, शिवाय रक्तात प्राणवायू वाढला. या प्राणवायूनं तो स्नायू आवळला जातो. थांबा, इथे जरा विचार करा. ज्या प्राणवायूनं फुफ्फुसातल्या वाहिन्या उघडतात, त्याच प्राणवायूनं अगदी शेजारची ही नळी मिटते! दोघी एकाच धमनीला जोडलेल्या, द्रव्य तेच, वागणं मात्र बरोबर उलट. आणि दोघींचंही वागणं नेमकं हवं तसं. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळात ही नळी बहुधा दोन-तीन दिवसांत बंद होते आणि पुढे तिची नुसती दोरी उरते. दाराचा पडदा मात्र सावकाश चिकटतो. साधारण चारांतल्या एका माणसात तो कधीच पुरता चिकटत नाही, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही.

आवर्जून सांगावीशी वाटते ती याच्या पुढची गोष्ट. काही बाळं हृदयाच्या दोन मुख्य धमन्यांची अदलाबदल झालेल्या अवस्थेत जन्मतात. फुफ्फुसातून आलेलं ताजं रक्त पुन्हा फुफ्फुसातच फिरत राहतं, शरीराला मिळतच नाही. अशा बाळांचा जीव या आडवाटांवरच तगून असतो आणि नळी मिटू लागली की बाळ निळं पडत जातं. मग डॉक्टर काय करतात? ज्या प्रोस्टाग्लँडिननं पोटात असताना ती नळी उघडी ठेवली होती, तेच सलाइनमधून थेंबाथेंबानं देतात. आवळत चाललेली नळी पुन्हा सैल होते, आणि धमन्या आपापल्या जागी जोडण्याची शस्त्रक्रिया होईपर्यंत बाळाला हवा तो वेळ मिळतो.